हौदातली बिअर आणि हंडीतला लांदा

रायपूरमधील कोणत्याही मद्यदुकानासमोर सायंकाळी सहानंतर उभे राहिले, तर राज्यसंस्था आणि नागरिक यांच्यातील सर्वांत नियमित व्यवहार पाहायला मिळतो. जाळीच्या आत कर्मचारी असतो, जाळीच्या बाहेर रांग असते. छत्तीसगडमध्ये २०१७ पासून मद्याची किरकोळ विक्री खासगी ठेकेदारांकडे नाही. ती राज्य सरकारचे महामंडळ करते. म्हणजे रांगेतला मजूर बाटली विकत घेतो ती थेट शासनाकडून. हेच शासन संविधानाच्या अनुच्छेद ४७ नुसार मादक पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्न करण्यास बांधील आहे. २०१८ च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने दारूबंदीचे आश्वासन दिले आणि सत्ता मिळवली. पाच वर्षे उलटली, सरकार बदलले, रांग मात्र हटली नाही. मधल्या काळातील मद्यव्यवहाराविषयीचे कथित गैरप्रकार आता न्यायालयापुढे आहेत. त्यांवर येथे भाष्य करण्याचे प्रयोजन नाही.

माझ्या प्रशासकीय सेवेतील बराच काळ या राज्यात गेला आणि निवृत्तीनंतर मी रायपुरातच स्थायिक झालो. मद्याचा विषय आमच्याकडे फाइलीच्या रूपात येत असे: महसुलाचे उद्दिष्ट, धाडींचा मासिक गोषवारा, जप्त मालाचा पंचनामा. पेय म्हणून तो विषय कधी टेबलावर आला नाही. म्हणून गेल्या हिवाळ्यात पुण्यात भाच्याने एका मायक्रोब्रुअरीच्या टॅपरूममध्ये जेवायला नेले आणि जेवणाआधी बिअर कशी बनते हे दाखवण्याची व्यवस्था केली, तेव्हा मी कुतूहलाने गेलो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला कारखाना आवडतोच. तेथे माणसाच्या सवयी यंत्राच्या आकारात दिसतात.

पुण्याची निवड योग्य होती. देशात मायक्रोब्रुअरीचे पर्व गुरगावमध्ये २००८ साली सुरू झाले आणि पाठोपाठ २००९ मध्ये पुण्यात ‘डूलाली’ ही महाराष्ट्रातील पहिली मायक्रोब्रुअरी उघडली. या नावाची कथा मराठी वाचकांना ठाऊक असायला हवी. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत ब्रिटिश सैनिक महिनोन्महिने पडून राहत. उकाडा, रिकामपण आणि आजार यांनी कित्येकांचे डोके फिरे. त्यावरून इंग्रजी बोलीत वेड लागण्याला ‘डूलाली टॅप’ म्हणू लागले. यातील ‘टॅप’ म्हणजे तोटी नव्हे; तो आपला ताप आहे. देवळालीचा ताप इंग्रजीत जाऊन वेड झाला आणि दीड शतकाने बिअरच्या तोटीवर परत आला.

आम्ही गेलो ती जागा वेगळी होती, तिचे नाव महत्त्वाचे नाही. काचेच्या भिंतीमागे तांब्याच्या रंगाची दोन मोठी भांडी आणि त्यांच्यामागे पोलादी हौदांची रांग. एक तरुण ब्रुअर, शिक्षणाने रसायन अभियंता, आम्हाला आत घेऊन गेला. पहिल्यांदा त्याने मूठभर माल्ट माझ्या हातावर ठेवला. ‘चावून पाहा, काका.’ गोड लागले, भाजलेल्या सातूसारखे. जव भिजवायचे, मोड आणायचे, मोड पुरेसा झाला की उष्णतेने वाळवून त्याची वाढ थांबवायची, हे माल्टचे सार. दाणा अंकुरताना स्वतःतील पिष्टाचे साखरेत रूपांतर करणारे विकर तयार करतो. माणूस ते विकर रोपट्यासाठी वापरू न देता स्वतःच्या कामी लावतो. मला एकदम नाचणीसत्त्व आठवले. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, दळून बाळाला भरवणाऱ्या आमच्या आज्या हेच रसायनशास्त्र वापरत होत्या. फक्त त्या आंबवण्याच्या आधी थांबत.

पुढचा क्रम त्याने बारकाईने सांगितला. भरडलेला माल्ट पासष्ट अंश सेल्सियसच्या आसपासच्या पाण्यात तासभर ठेवतात. तापमान थोडे वर गेले तर बिअर अंगाने भरीव होते, खाली गेले तर कोरडी. नंतर गोड पाणी गाळून घेतात, चोथा वेगळा होतो. त्यांच्याकडचा चोथा जवळच्या गोठ्यात जातो आणि म्हशी त्यावर खूश असतात, असे तो म्हणाला. ते पाणी हॉप्सच्या फुलांसह उकळतात. हॉप्समुळे कडवटपणा येतो आणि टिकाऊपणाही. मग झटकन थंड करून हौदात यीस्ट सोडतात. एल प्रकारची बिअर वीस अंशांच्या आसपास काही दिवसांत आंबते. लागर थंडीत, सावकाश. गव्हाच्या बिअरला येणारा केळ्याचा आणि लवंगेचा वास तिच्यात केळे वा लवंग घातल्यामुळे येत नाही. तो त्या विशिष्ट यीस्टचा उद्योग आहे. हे ऐकून मला मौज वाटली. मी हौदाला हात लावला. गार होता, आणि आत एक राष्ट्र कामाला लागले होते.

नंतर आम्ही टेबलावर बसलो. फळीवर पाच लहान पेले आले. गव्हाची बिअर मला आवडली. इंडिया पेल एल मात्र सोसली नाही, जरी तिचा इतिहास मला बाकी चौघींहून अधिक जवळचा होता. लंडनच्या बो भागातील हॉजसनच्या कारखान्यातून आणि पुढे बर्टनमधून कंपनी सरकारच्या हिंदुस्थानातील गोऱ्यांसाठी जहाजे भरून बिअर येत असे. पुढे हिमालयाच्या थंडीत येथेच बिअर बनवण्याची कल्पना निघाली. कसौलीला १८५० च्या दशकात एडवर्ड डायर याने कारखाना काढला. जालियनवाला बागेत गोळीबाराचा हुकूम देणारा जनरल डायर हा त्याचाच मुलगा. साम्राज्याच्या बिअरची आणि साम्राज्याच्या बंदुकीची वंशावळ अशी एका घरात सापडते. सोबत खायला मटण सुक्का होते आणि तळहाताएवढ्या ज्वारीच्या भाकऱ्या. बिल पाहून भाच्याने ते माझ्यापासून लपवले.

जाण्यापूर्वी मी ब्रुअरला माझ्या जुन्या खात्याला शोभेल असा प्रश्न विचारला: कागद किती? तो हसला. परवाना, त्याचे वार्षिक शुल्क, प्रत्येक लिटरमागचे उत्पादन शुल्क, साठ्याच्या नोंदवह्या, तपासणी. सगळे खर्चिक आणि त्रासदायक. पण पुरे होऊ शकणारे. एक दार आहे आणि त्या दाराला किल्ली आहे. ही गोष्ट माझ्या मनात राहिली, कारण बस्तरमध्ये हेच काम करणाऱ्या बायकांसाठी असे दारच नाही.

बस्तरच्या आठवडी बाजारात एका कडेला झाडाच्या सावलीत बायका ॲल्युमिनियमची हंडी घेऊन बसतात. हंडीत पांढुरके, दाट, आंबूस पेय असते. त्याला लांदा म्हणतात. तांदळाचे पीठ वाफवायचे, ते निवले की त्यात मोड आणून वाळवलेल्या मक्याचे पीठ मिसळायचे, पाणी घालून हंडी काही दिवस उबेत ठेवायची. पुण्याच्या ब्रुअरने ज्या विकरांचे वर्णन केले, ते येथे जवाऐवजी मक्याच्या मोडातून येतात. हौदाला थर्मामीटर आहे, हंडीला हाताचा स्पर्श, रसायन एकच. पानाच्या द्रोणात लांदा ओतला जातो, सोबत उकडलेले चणे किंवा लाल मुंग्यांची चापडा चटणी. मी पहिल्यांदा चाखला तेव्हा आंबील आणि ताक यांच्या मधोमध कुठेतरी त्याची जागा आहे असे वाटले. पोटभरीचा होता. बाजाराला दहा-पंधरा किलोमीटर चालत आलेल्या माणसासाठी ते दुपारचे जेवणही असते. बाजारातली भाषा हलबी. ग्रियर्सनने आपल्या भाषिक सर्वेक्षणात तिला मराठीच्या खंडात घेतले होते. त्या निर्णयाविषयी भाषाशास्त्रज्ञांत वाद असले, तरी मराठी कानाला त्या बायकांचे अर्धे बोलणे समजते. लांद्याखेरीज सल्फी आहे, म्हणजे आपला भेरली माड. त्याचा रस पहाटे उतरवतात आणि दुपारपर्यंत तो चढू लागतो. रायपूरचे पर्यटक त्याला ‘बस्तर बिअर’ म्हणतात. उत्तरेला सरगुज्याकडे हंडिया आहे. आणि सगळीकडे मोह आहे, पण मोहाची दारू ऊर्ध्वपातित असते. तिची जात वेगळी, ताकद वेगळी, धोकाही वेगळा.

कायदा काय म्हणतो? रायपुरात लागू असलेला अबकारी कायदा १९१५ सालचा आहे. तो मध्य प्रांताचा कायदा, म्हणजे नागपूरहून कारभार चालत असतानाचा. नागपूर पुढे महाराष्ट्रात गेले, रायपूर आधी मध्य प्रदेशात आणि १ नोव्हेंबर २००० नंतर छत्तीसगडमध्ये आले; कायद्याने केवळ नाव बदलले. त्याच्या व्याख्येत ताडी, बिअर आणि अल्कोहोल असलेले प्रत्येक द्रव एकाच ‘मद्य’ शब्दात बसते. विनापरवाना बनवणे, बाळगणे, विकणे यांना कलम ३४ लागते. अनुसूचित जमातींना स्वतःच्या घरगुती आणि धार्मिक उपयोगासाठी ठरावीक मर्यादेत मद्य बनवण्याची सूट आहे. सूट पिण्यापुरती आहे, विकण्यापुरती नाही. म्हणजे लग्नात लांदा पाजणारी बाई कायद्याच्या आत आणि तोच लांदा बाजारात द्रोणाने विकून मीठ-तेल घेणारी बाई कायद्याच्या बाहेर.

सेवेत असताना अशा धाडींचे अहवाल मी शेकड्यांनी वाचले. त्यांचा साचा ठरलेला असे. आरोपीच्या रकान्यात बहुतेक वेळा एकट्या बाईचे नाव, जप्त मालात ‘ॲल्युमिनियम हंडी नग एक’. एका जिल्ह्यात, ज्याचे नाव येथे सांगत नाही, महिनाअखेरीस धाडींचे आकडे चढत असत. उद्दिष्ट गाठायचे तर हंडीवालीपर्यंत पोहोचणे ट्रक अडवण्यापेक्षा सोपे. ट्रकवाल्याकडे वकील असतो.

यात नवे काही नाही, हे इतिहास सांगतो. ब्रिटिशांनी अबकारीचे व्यवस्थापन केंद्रित केले ते आरोग्यासाठी नव्हे. घरोघरच्या भट्ट्यांवर कर बसवणे अशक्य आणि एका मोठ्या आसवनीवर बसवणे सोपे, म्हणून. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यामागचा हिशेब हाच होता. पुढे मुंबई इलाख्यात मोहाच्या फुलांच्या साठ्यावरही निर्बंध घालणारा खास कायदा झाला; झाडावरून गळणारे फूल वेचणे संशयास्पद ठरले. बस्तरमध्ये १९१० साली भूमकाल उठाव झाला, त्याच्या कारणांत राखीव जंगल आणि वेठबिगार यांच्याबरोबर घरगुती मद्यावरील निर्बंधही होते. गुंडाधूरचे नाव आज रायपुरात आदराने घेतले जाते, त्याच्या नावाने पुरस्कार दिले जातात. त्याच्या सोबत्यांच्या तक्रारींपैकी ही एक मात्र भाषणांत ऐकू येत नाही.

आणखी मागे जायचे तर कौटिल्यापाशी जावे लागते. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सुराध्यक्षाचा स्वतंत्र अध्याय आहे. मद्यविक्रीवर त्याची सक्त देखरेख, दंड, गुप्तहेर, सारे आहे. राजस्वाचा लोभही लपवलेला नाही. मद्यशाळेत निरनिराळी दालने, आसने, गंध, फुले आणि पाणी असावे, ऋतूनुसार सोय असावी, असेही तो सांगतो. पुण्याच्या टॅपरूमचा आराखडा करणाऱ्याने हा अध्याय वाचलेला नसणार, पण तो त्याच्याशी जुळतो. मेदक या मद्याची कृती तेथे दिली आहे. त्यात पाणी, तांदूळ आणि किण्व, म्हणजे आंबवण. लांद्याचा हा दूरचा पूर्वज. आणि या कठोर ग्रंथात एक सवलत आहे: गृहस्थांना कार्यप्रसंगी घरी मद्य करता येईल, आणि उत्सव, समाज, यात्रा अशा वेळी चार दिवस मोकळीक द्यावी. राजाची मक्तेदारी मान्य करूनही घरच्या हंडीसाठी फट ठेवण्याचे शहाणपण त्या प्राचीन राजनीतिज्ञाकडे होते.

येथे एक प्रामाणिक आक्षेप उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नाही. मद्याने छत्तीसगडचे नुकसान केले आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, पंधरा वर्षांवरील पुरुषांत मद्य घेणाऱ्यांचे प्रमाण देशात सुमारे १९ टक्के आढळले. छत्तीसगडमध्ये ते सुमारे ३५ टक्के होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले की मद्याची कोणतीही मात्रा सुरक्षित म्हणता येत नाही. दल्ली राजहराच्या खाणकामगारांत शंकर गुहा नियोगी यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस दारूविरोधी मोहीम उभारली, ती याच जाणिवेतून. वाढलेली मजुरी पगाराच्या दिवशीच ठेक्यावर जिरते, हे त्यांनी पाहिले होते. युनियनच्या बायका त्या मोहिमेत पुढे होत्या. मद्याच्या व्यवसायावर आघात करणारा हा नेता २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत झोपेत गोळी घालून मारला गेला. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि तेथील स्त्रियांनी ती लढून मिळवली. चंद्रपुरात २०१५ मध्ये आलेली बंदी २०२१ मध्ये उठली. त्या निर्णयावर दोन्ही बाजूंनी बोलणारी समंजस माणसे मला माहीत आहेत.

पण नियोगींचा रोख ठेकेदाराच्या बाटलीवर होता. बाटली आणि हंडी यांत फरक करायला आपण तयार आहोत का, हा खरा प्रश्न आहे. लांदा दोन-तीन दिवसांत आंबट होऊन जातो; तो साठवता येत नाही, ट्रकमध्ये भरता येत नाही, त्याची तस्करी होत नाही. त्याची ताकद बिअरच्या जवळपासची. विषारी दारूचे बळी जातात ते आंबवलेल्या धान्यामुळे नव्हे, औद्योगिक मिथेनॉल मिसळल्यामुळे. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभरहून अधिक माणसे दगावली ती त्यानेच. उलट, गावातली हंडी फुटली की गाव पिणे सोडत नाही. ते सरकारी दुकानाकडे वळते, जेथे सर्वांत स्वस्त मिळते ती सर्वांत कडक असते. बाईच्या पदरातला पैसा महामंडळाच्या खात्यात जातो. ज्यांना हे दारूबंदीचे पाऊल वाटते, त्यांनी हिशेबाच्या दोन्ही बाजू तपासाव्यात.

कायदा वाकवता येतो, याचे पुरावे आपल्याच शेजारी आहेत. महाराष्ट्राने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया धोरण आणून वाइनला शुल्कात सवलत दिली. नाशिकच्या द्राक्षमळ्यांतून आज पर्यटक फिरतात. गोव्याच्या काजूफेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि पुढे तिला वारसा पेयाचा मान लाभला. केरळमध्ये ताडीची दुकाने वेगळ्या परवान्यावर चालतात आणि ताडी काढणाऱ्यांच्या सहकारी संस्था आहेत. मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला वारसा मद्य म्हणून बाजारात आणण्याचे पाऊल २०२१ नंतर उचलले. शहरी ग्राहकासाठी मायक्रोब्रुअरीचे नियम राज्यामागून राज्य करते आहे. मद्य हा राज्यसूचीतील विषय आहे. पिण्याचे मद्य वस्तू व सेवा कराच्याही बाहेर आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने औद्योगिक अल्कोहोलवरील राज्यांचा अधिकारही मान्य केला. तेव्हा दिल्लीकडे बोट दाखवण्याची सोय रायपूरला नाही.

छत्तीसगडला तर नवा कायदाही लागत नाही. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभेला मादक पदार्थांची विक्री आणि सेवन यांवर बंदी घालण्याचा, नियमन करण्याचा किंवा निर्बंध लावण्याचा अधिकार दिलेला आहे. त्याचे राज्याचे नियम २०२२ मध्ये आले. आजवर हा अधिकार कोणी आठवला तर बंदीसाठी. नियमन हा त्यातला शब्द कागदावरच राहिला. ग्रामसभेने ठरवावे की आपल्या आठवडी बाजारात आंबवलेले पेय, केवळ आंबवलेले, ऊर्ध्वपातित नव्हे, किती बायकांनी, कोणत्या वेळेत, किती मापाने विकावे. नोंदणी शुल्क एका हंडीच्या कमाईहून अधिक नसावे. आरोग्य खात्याने पाणी आणि भांडी तपासावीत. ज्या गावच्या बायका नको म्हणतील, तेथे नको. गडचिरोलीचा धडा तोच आहे, निर्णय त्यांचा असला पाहिजे. आणि अबकारी खात्याच्या मासिक गोषवाऱ्यातून हंडीचा रकाना काढून टाकावा, म्हणजे निरीक्षकाला ट्रकच्या मागे जाण्यावाचून गत्यंतर राहणार नाही.

हा मसुदा मी काही जुन्या सहकाऱ्यांना दाखवला. एकाने विचारले, की याने महसूल किती बुडेल? मी त्याला कलेक्टर कार्यालयातल्या सवयीने आकडेमोड करायला सांगितली. अर्ध्या तासाने त्याचा फोन आला. हंडीतून सरकारला आजवर मिळतच काही नव्हते, दंड सोडला तर, असे तो म्हणाला, आणि थोडे थांबून, दंडाचाही बराचसा भाग वसूल होत नसे अशी पुस्ती त्याने जोडली.